सव्वापाचचा सुविचार

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, पतसंस्थेत लिपिक. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, बचत गटाच्या ग्रुपवर त्यांनी रोज सकाळी एक सुविचार टाकायला सुरुवात केली. आज तो ११ ग्रुपांवर जातो आणि आजवर एकही दिवस खाडा नाही. बीएचं दुसरं वर्ष झाल्यावर २००३ मध्ये लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. ते पूर्ण करायचं त्यांच्या मनात आहे. यंदा ३१ डिसेंबरच्या रात्री त्यांनी सगळ्या ग्रुपांवर जाहीर केलं, "नव्या वर्षात मी बीएला पुन्हा प्रवेश घेणार. तुम्हीही तुमचं एक स्वप्न लिहा." अंगठे, गुलाब, टाळ्या भरभरून आल्या. जानेवारीचे तीन आठवडे उलटले, पण काहीच हललं नाही. परवा बारावीतली मुलगी म्हणाली, "आई, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण." ताई विचारतात, सुविचार पाठवणं बंद करू का? सगळ्यांना प्रेरणा देणारी मी स्वतःच्या बाबतीतच का कमी पडते? आणि या वयात हे स्वप्न धरून बसण्यात काही अर्थ आहे का?

ताई,

मुलीचं ते वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय, एकदा सुरुवातीला आणि एकदा अगदी शेवटी सहीच्या वर. म्हणजे ते चांगलंच लागलंय. तेव्हा आधी त्याचाच निकाल लावू. पोरीची परीक्षा तोंडावर आलेली, घरात सगळे तिला "अभ्यास कर" म्हणणार, आणि पहाटे पाणी प्यायला उठावं तर आई फोनमध्ये डोकं घालून "यशाची गुरुकिल्ली" शोधतेय. अशा वेळी तोंडातून म्हण निघणारच. तिनं ती नेमकी जागा बघून मारली, याचं मला खरं तर कौतुक वाटलं. मराठीच्या पेपरची काळजी करू नका. पण म्हण चपखल बसली म्हणून ती खरी असतेच असं नाही.

तुम्ही लिहिता, "माझ्यात सातत्यच नाही." हे वाक्य मी थांबून पुन्हा वाचलं. कारण त्याच पानावर वरती तुम्हीच लिहिलंय की सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा दवाखान्यातल्या बाकावर बसून तुम्ही सुविचार पाठवलात. २०२० च्या एप्रिलपासून आजपर्यंत मोजले तर २१०० च्या आसपास दिवस होतात. एकवीसशे दिवस पहाटे सव्वापाचला उठणाऱ्या बाईत सातत्य नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? सातत्य आहे, आणि दांडगं आहे. फक्त ते सगळंच्या सगळं एका खात्यात जमा होतंय आणि तुम्ही दुसऱ्याच खात्याची शिल्लक बघून रडताय. पतसंस्थेत बसणाऱ्या माणसाला हे मी सांगावं म्हणजे कमालच.

आता तो हिशेबच मांडू. तुम्ही लिहिलंय की चांगला सुविचार शोधायला, त्याला साजेसं चित्र बघायला, शुद्धलेखन तपासायला आणि अकरा ठिकाणी टाकायला "पाऊण तास तरी" जातो. रोजचा पाऊण तास म्हणजे वर्षाचे पावणेतीनशे तास, एक-दोन कमी. पुढं साडेसहाला पाणी येतं, मग डबे, मग नऊ चाळीसची गाडी. दिवसभरात हा पाऊण तास एकटाच असा आहे की ज्यात तुम्हाला कुणी हाक मारत नाही. तुमचं स्वप्न वेळ नाही म्हणून अडलेलं नाही, ताई. त्याच्या जागेवर सुविचार बसलाय, एवढंच.

म्हणून तो फेकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. "शुभ सकाळ"वाल्यांची टिंगल करायची हल्ली फॅशनच आहे. २०१८ च्या जानेवारीत तर ही जगभराची बातमी झाली होती. भारतातले फोन भराभर का भरतात, हे शोधताना गुगलच्या लोकांना फुलं, उगवता सूर्य आणि गुड मॉर्निंगची चित्रं यांचा ढीग सापडला. हसायला ठीक आहे. पण तुम्ही सुरुवात केलीत तो एप्रिल आठवा. दारं बंद होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि सकाळी ग्रुपवर चार ओळी आल्या की बाकीच्यांना कळायचं, हिच्या घरी सगळं ठीक आहे. त्या ओळींत काय लिहिलंय याला फारसं महत्त्व नव्हतं. महत्त्व त्या आल्या याला होतं.

आपल्याकडे सुविचाराची सवय लागते शाळेतच. परिपाठाला प्रतिज्ञा झाली की दिनविशेष, मग "आजचा सुविचार". आमच्या वर्गात ते काम आठवडाभर एकेकाकडे असायचं. माझी पाळी आली की मी रंगीत खडू वाचवून ठेवायची, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वेलबुट्टी काढायची आणि मधोमध लिहायची, "वेळ अमूल्य आहे." ते इतकं निगुतीनं चालायचं की पहिल्या तासाचा गृहपाठ राहून गेलेला असायचा. बाई रागावल्या की मला मनापासून अन्याय वाटायचा. एवढा सुंदर फळा लिहिला, तो दिसत नाही का यांना? तुमचं पत्र वाचताना हाताला तो खडू पुन्हा लागला.

आता एकतीस डिसेंबरच्या रात्रीकडे येऊ. मला वाटतं, खरी मेख तिथे आहे.

तुम्ही जाहीर केलंत, लोकांनी वाहवा केली आणि तुमच्या शब्दांत "त्या रात्री इतकं छान वाटलं की झोपच लागेना." तो आनंद खोटा नव्हता, पण तो आगाऊ उचललेला होता. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये यावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक कायद्याच्या विद्यार्थ्यांवर होता. "मला उत्तम कायदेतज्ज्ञ व्हायचंय, त्यासाठी मी अमुक करणार" हा ज्यांचा इरादा दुसऱ्या कुणी वाचला, त्याची दखल घेतली, त्यांनी पुढं प्रत्यक्ष कामात कमी जोर लावला. ज्यांचा इरादा कुणी पाहिलाच नाही, त्यांनी जास्त. लोकांनी आपल्याला "होणार" म्हणून मान्य केलं की मनाला वाटतं, झालोच की.

मला हे प्रयोगाशिवायच ठाऊक होतं. २०१७ मध्ये एका लग्नात जेवणाच्या पंगतीत मी बोलून गेले की मी मोडी शिकतेय. शिकत नव्हते, शिकणार होते. पण काय मान वाढला! एका काकांनी पुढच्या महिन्यात पणजोबांच्या जमिनीचं खरेदीखत आणून दिलं, एका आत्यानं जुनी पत्रं. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवली आणि मुळाक्षरांच्या पुढं गेले नाही. चार वर्षं प्रत्येक लग्नात "काय, मोडी कुठवर आली?" ऐकावं लागलं आणि मी त्या काकांना बघून पंगत बदलू लागले. पुढं शिकले ते वेगळ्याच पद्धतीनं. शेजारच्या बिल्डिंगमधले एक आजोबा मोडी वाचायचे. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जायचं, एक ओळ वाचून दाखवायची, चुकलं की ते पेन्सिलीनं टोचणार. याबद्दल कुणाला सांगितलं नाही. खरेदीखत वाचून झालं तेव्हा कळलं, ज्या जमिनीबद्दल आमच्याकडे इतकी वर्षं हळहळ चालली होती ती पणजोबांनी स्वतःच विकली होती. ते पुन्हा कधीतरी.

तुमच्या त्या संदेशाचं आता काय करायचं? काहीच नाही. "राहून गेलं, माफ करा" असा खुलासाही टाकू नका. ज्यांनी गुलाब पाठवले ते विसरलेत. तुम्हालाच याचं वाईट वाटलंय की नंतर एकानंही विचारलं नाही. अकरा ग्रुपांत मिळून हजारभर माणसं असतील. हजारांना सांगितलेली गोष्ट विचारायची जबाबदारी कुणाचीच नसते. एकाला सांगितली की त्याची असते.

आणखी एक गोष्ट तुम्ही गृहीत धरलीय, तिच्यावर मला शंका आहे. नवं वर्ष म्हणजे एक जानेवारी, हे तुमच्यासाठी कुणी ठरवलं? पतसंस्थेत जानेवारी ते मार्च काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. वसुलीचा तगादा, थकबाकीच्या याद्या, संचालकांचे फोन, मार्चएंड, रात्री आठ-आठपर्यंत ताळा लागेना म्हणून बसणं. अशा तीन महिन्यांच्या तोंडाशी उभं राहून तुम्ही संकल्प सोडलात आणि तो मोडला म्हणून स्वतःला बोल लावताय. शेतकरी कधी भर उन्हाळ्यात पेरतो का? तुमचं वर्ष पाडव्याला धरा. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला आहे, तोही मार्चएंडच्या धामधुमीतच, पण त्यानंतर दहा-बारा दिवसांत तुमचे हात मोकळे होतात. आणि मुक्त विद्यापीठाचे प्रवेश तसेही पावसाळ्याच्या तोंडाशी, शाळा-कॉलेजांच्या बरोबरीनंच सुरू होतात. म्हणजे जानेवारीत तुम्ही करून करून काय करणार होतात? प्रवेशाची खिडकीच बंद असताना ती उघडत नाही म्हणून तुम्ही स्वतःलाच आळशी म्हणताय.

अर्थात खिडकी उघडेपर्यंत करण्यासारखं एक काम आहे, आणि मला वाटतं ते तुम्ही टाळताय. पत्रात "चौकशी करायची राहिलीय" हे तीन ठिकाणी आलंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याची अभ्यासकेंद्रं राज्यभर आहेत, आणि तुम्हीच लिहिताय की तुमच्या गावच्या कॉलेजात एक आहे. बँकेच्या कामाला तुम्ही त्याच रस्त्यानं जाता. मग चौकशी का राहते? माझा अंदाज सांगू? तुम्हाला भीती आहे की ते म्हणतील, "जुनी दोन वर्षं धरता येणार नाहीत, पहिल्यापासून करा." विचारलं नाही तोवर तुम्ही "एक वर्ष बाकी" असलेल्या बाई आहात. विचारलं तर कदाचित "तीन वर्षं बाकी" असलेल्या व्हाल. ही भीती खोटी नाही, तसं होऊही शकतं. ते तुमच्या जुन्या विद्यापीठावर, गुणपत्रिकांवर आणि आत्ताच्या नियमांवर ठरेल, आणि उत्तर केंद्रावरच मिळेल. पण बघा, २००३ पासून तेवीस वर्षं गेली त्या "एक वर्ष बाकी"च्या आधारावर.

जाताना कागद घेऊन जा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेज सोडल्याचा दाखला, बीएच्या दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका. त्यातलं निम्मं माहेरी ट्रंकेत असणार. आणि एक गोष्ट हमखास अडते, आपल्याकडच्या कितीतरी बायकांची अडते, म्हणून मुद्दाम लिहिते. गुणपत्रिकांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही एकाच बाईची नावं आहेत हे दाखवणारा कागद लागतो. विवाह नोंदणीचा दाखला, किंवा नावबदल छापून आलेलं राजपत्र. २००३ मध्ये लग्नाची नोंदणी केली नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ती आताही करता येते, पण साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो असं करत दिवस जातात. हे काम जूनमध्ये निघालं तर प्रवेशाची मुदत चुकते आणि आपण म्हणतो, नशिबातच नाही. जानेवारी-फेब्रुवारीचे चार शनिवार याला द्या. मार्चएंड सांभाळून एवढंच जमेल आणि एवढंच पुरे आहे.

मग सुविचाराचं काय? बंद करू का, हा तुमचा मूळ प्रश्न. मी म्हणेन, त्याचा पाऊण तास काढून घ्या आणि त्याला पाच मिनिटं द्या. उरलेली चाळीस मिनिटं वाचन. अजून पुस्तकं नसतील तर मुलीचं बारावीचं मराठीचं किंवा इतिहासाचं पुस्तक घ्या; इतक्या वर्षांनी सलग वीस पानं वाचायची तर मानेला आणि डोळ्यांनाही आधी सराव लागतो. आणि ग्रुपवर टाकायचं ते त्या दिवशी वाचलेल्यातलं, स्वतःच्या शब्दांत, दोन ओळी. चित्र नको, उगवता सूर्य नको. पु.लं.च्या नावावर खपवलेली, त्यांनी कधी न लिहिलेली वाक्यं तर नकोतच.

हे मी नुसत्या चवीसाठी सुचवत नाहीये. वर सांगितलेल्या प्रयोगाच्या उलट दिसणारी एक गोष्टही अभ्यासात आढळलीय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे दोन हजार शाळकरी मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही मुलांना धाकट्या विद्यार्थ्यांना अभ्यासाबद्दल सल्ला द्यायला सांगितलं, जेमतेम आठेक मिनिटं. पुढं त्या सत्रात सल्ला देणाऱ्यांचेच गुण थोडे सुधारले. म्हणजे दुसऱ्याला सांगणं आपल्यालाही उपयोगी पडतं. मग तुम्हाला एकवीसशे दिवसांत का पडलं नाही? मला यातला फरक असा दिसतो की त्या मुलांना स्वतःच्या डोक्यातून काढून सांगावं लागलं. आपण पुढं ढकलतो ती वाक्यं दुसऱ्याची, पायवाट दुसऱ्याची. आपण फक्त पोस्टमन. तुम्ही जर लिहिलंत, "आज पहाटे अमुक वाचलं, दोनदा वाचूनही कळलं नाही, मग मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं," तर ती तुमची ओळ. गटातल्या ज्या बाईचा मुलगा अभ्यासाला बसत नाही तिला ती उगवत्या सूर्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. अंगठे मात्र कमी येतील. त्याची तयारी ठेवा.

असंच एक पत्र मागच्या महिन्यात पुण्यात अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाचं आलं होतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय आणि रोज स्टेटसला "अजून ११० दिवस", "अजून १०९ दिवस" टाकतोय. गावाकडची पोरं त्याला "साहेब" म्हणायला लागलीत आणि त्या शब्दाचंच त्याला ओझं झालंय. त्यालाही मी हेच कळवलं, उरलेले दिवस मोजू नकोस, आज सोडवलेले प्रश्न मोज, आणि तेही अभ्यासिकेतल्या एकाच मित्राला सांग. घरगुती मसाल्याचा धंदा काढू पाहणाऱ्या, वजन कमी करू पाहणाऱ्या, पेटी शिकू पाहणाऱ्या सगळ्यांना हे लागू आहे. काय होणार ते सांगण्यापेक्षा आज काय झालं ते सांगावं, आणि शंभरांपेक्षा एकाला.

मधे खंड पडेल. तुम्ही ग्रुपवर कधीतरी "२१ दिवसांत सवय लागते" हेही पाठवलं असणार. मीही पाठवलंय. ते मूळ अमेरिकेतल्या मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचं, १९६० मधलं निरीक्षण. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तीनेक आठवडे लागतात, असं काहीसं. ते फिरत फिरत आपल्या पहाटे उठण्यापर्यंत आलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. तुम्हाला हे अवघड जाईल. एकवीसशे दिवसांत एकही खाडा नसलेल्या माणसाला पहिला खाडा म्हणजे सगळं संपलं असं वाटतं. म्हणून आत्ताच सांगून ठेवते, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वाचन होणार नाही. होऊ नयेच. झोपा.

वयाबद्दल मी फार बोलणार नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारी हाच गणवेश. साठीच्या पुढच्या बायका पाटी घेऊन बसल्या, आणि शाळेची वेळ ठेवली दुपारची, घरची कामं उरकल्यावरची. लोक त्यांच्या वयाचं कौतुक करतात. मला त्या वेळेचं कौतुक वाटतं. त्र्याहत्तरीच्या बायका त्या बाकांवर बसू शकतात तर त्रेचाळीस काय घेऊन बसलात.

आता शेवटचं. पत्रात तुम्ही ओझरतं एक लिहिलंय, त्यावरून पटकन पुढं गेलात. गेल्या दिवाळीत नेटवर्क नव्हतं, सुविचार साडेनऊला गेला, तर एका निवृत्त शिक्षिका बाईंनी दोनदा फोन केला. एकट्या राहतात, तुमच्याच शाळेत मराठी शिकवायच्या. तुमच्या सुविचाराची हजारात एक जण वाट बघतेय, ती ही. त्यांना विचारा, रोज सकाळी सव्वासहाला मी पाच मिनिटं फोन केला तर चालेल का? काय वाचलं ते सांगेन, चुकलं तर रागवा. त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही. फक्त साडेसहाच्या आत ठेवा, पाणी जाईल.